केसांची जात



सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त आपण विहारात ऐकले असेल. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला की, माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? तथागतांनी त्यांना गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांचे दाखले दिले. तेथे जातीची खूण शरीरावरच असते. मग ते माणसाकडे वळले आणि एकेक अवयवाचे नाव घेऊन सांगू लागले की, येथे तशी खूण नाही. त्या अवयवांत पहिले नाव कशाचे आहे? केसांचे.

आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे केस बहुधा जन्मतःच दाट आणि बारीक कुरळे असतात. वाढले की ते पाठीवर उतरत नाहीत, डोक्याभोवती उभे राहतात. यात चांगले-वाईट काय आहे? पण गोऱ्या सत्तेने त्यातून जात काढली.

दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येक माणसाला वंशाच्या रकान्यात बसविणे सुरू झाले. ज्याचा रकाना ठरेना, त्याच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल पडली तर गोरा, अडकली तर नाही! राहायचे कोठे, लग्न कोणाशी करायचे, मूल कोणत्या शाळेत घालायचे, हे सारे त्या रकान्यावर ठरे. एका घरातली माणसे वेगवेगळ्या रकान्यांत गेली. आपल्याकडे आडनाव विचारतात. तेथे पेन्सिल होती, एवढाच फरक.

ती राजवट १९९४ मध्ये गेली, पण नजर गेली नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत काळ्या विद्यार्थिनींना निदर्शने करावी लागली. त्यांचे नैसर्गिक केस शाळेला 'अव्यवस्थित' वाटत होते. नियमाच्या पुस्तकात 'काळी' हा शब्द लिहावा लागत नाही. 'नीटनेटके' हा शब्द पुरतो.

आता अमेरिकेत पाहा. एका विमान कंपनीने काळ्या कर्मचारी स्त्रीला बारीक वेण्या घालून कामावर येण्यास मनाई केली. ती न्यायालयात गेली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. वेण्या जन्मजात नाहीत, त्या बदलता येतात, असे न्यायालयाचे म्हणणे. शिवाय ही पद्धत एका गोऱ्या नटीने चित्रपटातून लोकप्रिय केली, हे कंपनीचे सांगणेही निकालात नमूद झाले. ज्यांच्या आज्या-पणज्या तशा वेण्या घालीत आल्या, त्यांनाच हे ऐकावे लागले!

म्हणून कित्येकींनी केस सरळ करून घेतले. कोणी तापवलेल्या लोखंडी फणीने, कोणी रसायनाने. त्यातल्या काही लेपांत कॉस्टिक सोडा असतो. डोक्याची कातडी भाजते, आणि हे लहान मुलींच्या डोक्यावरही होते. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांना, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. पोटासाठी असे करणाऱ्या बाईला दोष देऊ नका. तिला तसे करायला लावणाऱ्याला विचारा.

आणखी एक गोष्ट आहे. अनोळखी माणसे न विचारता या स्त्रियांच्या केसांत हात घालतात, 'किती मऊ!' म्हणतात. तुम्ही म्हणाल, हे तर कौतुक. आमच्या पूर्वजांना कोणी शिवत नव्हते, आणि येथे परका हात खुशाल डोक्यावर येतो. पण दोन्हीकडे माणूस विचारण्याच्या लायकीचा धरलेला नाही. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुली आहेत. बसमध्ये त्यांच्या डोक्याकडे पाहून हसणाऱ्यांत आपली मुले तर नाहीत ना?

कोणी शंका काढील, 'डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने बदलायला सांगितले. मग या स्त्रियांनी केस बदलले तर बिघडले कोठे?' नीट विचार करा. ते नेसणे आणि ते दागिने ही अस्पृश्य म्हणून ओळखू यावे अशी दुसऱ्यांनी लादलेली खूण होती. ती टाकून देता येत होती. केस कोणी लादलेले नाहीत. लादली आहे ती त्यांची लाज. महाडच्या स्त्रियांनी टाकले ते लादलेले. या स्त्रियाही तेच टाकीत आहेत.

(वेण्यांप्रमाणे काही जणी केसांचे जाड पीळही राखतात. त्याला आपल्याकडची देवीची जट समजू नका. त्या जटेपायी मुली देवीला सोडल्या गेल्या; हे पीळ त्या स्वतःच्या मर्जीने राखतात.)

२०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने केसांच्या नैसर्गिक पोतावरून व अशा वेण्यांवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. पुढे आणखी कित्येक राज्यांनी तसे कायदे केले. मार्च २०२२ मध्ये साऱ्या देशासाठीचे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडले. ज्या राज्यांत असा कायदा नाही, तेथे मुलाखतीच्या आदल्या रात्री आरशासमोर बसून त्या मुलीला आधी केसांचे काय करायचे ते ठरवावे लागते.