विसाव्यांदा विचारलेला प्रश्न



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. त्यांपैकी एका घरी एक आजी आहेत. गेली काही वर्षे त्यांची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. नातवंडांची नावे आठवत नाहीत. प्रभूची प्रार्थना मात्र न अडखळता म्हणतात. आम्ही बसलो की त्या छातीवर हात ठेवून विचारतात, "फादर, इथे धडधडतंय. मला हार्टचं काही झालं नाही ना?" त्यांची लेक सांगते, "आई, डॉक्टरांनी तपासलंय. ईसीजी चांगला आलाय." आजींचा चेहरा निवळतो. पाच मिनिटे जातात आणि हात पुन्हा छातीवर येतो.

गेल्या वेळी निघताना ती लेक दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "फादर, कधी कधी मी खोटंच सांगते, आत्ताच डॉक्टरांचा फोन आला होता म्हणून. आणि कधी कधी ओरडते. यातलं पाप कुठलं?" तिच्या परवानगीने तो प्रश्न आज आम्ही सर्वांपुढे ठेवत आहोत, कारण तो एकाच घराचा नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत ऑगस्टिन यांचे असत्याविषयीचे विचार अभ्यासले होते. सुमारे १६०० वर्षांपूर्वी त्यांनी एक उदाहरण घेतले. एक माणूस मरणाच्या दारात आहे. त्याचा लाडका मुलगा वारला आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगितले तर त्या धक्क्यानेच तो जाईल. या प्रसंगाने आपले मन हेलावते हे ऑगस्टिन कबूल करतात. तरीही असत्य बोलण्याची मुभा देत नाहीत. वर्गात आम्हाला ते उत्तर सहज पटले होते. त्या दारात उभे असताना मात्र ते आमच्या ओठांवर येईना.

थोडा विचार केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ऑगस्टिनच्या त्या आजाऱ्याला बातमी हवी होती. आजींना काय हवे आहे?

१९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी झिजतो. म्हणून जो प्रश्न आपण विसाव्यांदा ऐकतो, तो आजी पहिल्यांदाच विचारत असतात. मात्र प्रसंग विसरला तरी त्याने उठवलेली भावना मागे राहू शकते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हेच दाखवले : अशा रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या, काय पाहिले ते त्यांना फारसे आठवेना, पण मनातले दुःख वा आनंद टिकून होता. म्हणजे आपले ओरडणे आई विसरते, त्याची कळ उरते. आणि आपण हातात घेतलेला हात ती विसरते, पण त्याची ऊबही उरते.

आजींच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : मला भीती वाटते, माझ्याजवळ कोणी आहे का? त्याचे उत्तर द्यायला खोट्या फोनची गरज पडत नाही. "आई, भीती वाटते ना? मी इथेच आहे. डॉक्टरांनी तपासलंय." यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्या माणसाला आपला शब्द पडताळून पाहता येत नाही, त्याला फसवणे फार सोपे असते. म्हणूनच त्याला दिलेला शब्द आपण अधिक जपायला हवा.

पण एक सावधगिरी. "तिचं नेहमीचंच आहे" असे म्हणून गप्प बसू नये. अशा माणसाला दुखणे नीट सांगता येत नाही. तक्रारीचा सूर बदलला, जेवण कमी झाले, गोंधळ अचानक वाढला, तर लघवीचा संसर्ग किंवा दुसरा एखादा खरा आजार असू शकतो. छातीत दुखते म्हणाली आणि दम लागला, घाम फुटला, तर लगेच दवाखाना गाठावा.

आता त्या बहिणीला उत्तर. पवित्र कुटुंबाच्या सणाला बेनसिराच्या पुस्तकातील वाचन आपण ऐकतो. वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना सांभाळून घ्या, असे ते सांगते. सांभाळून घेणे कठीण जाते, हे ठाऊक असल्यावाचून कोणी असे लिहीत नाही. रात्रभर जागलेल्या लेकीच्या तोंडून निसटलेला शब्द आणि जाणूनबुजून केलेला अपमान देव एका तराजूत तोलत नाही. मायेपोटी रचलेल्या फोनमागचा हेतूही तो पाहतो. बाई, शक्य तेव्हा खरे बोला. ओरडलात तर जवळ बसा, क्षमा मागा. आई विसरली असेल, तरी मागा.

आणि आपण बाकीच्यांनी स्वतःला विचारावे : त्या घरी एक तास बसायला आपल्यापैकी कोण जाईल? वीस प्रश्नांपैकी पाच शेजाऱ्याने झेलले, तर लेकीला पंधरा झेलण्याचे बळ येईल. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही दारात उभे असतो. येऊन सांगा.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आजी पुन्हा विचारतील. आम्ही खुर्ची जरा जवळ ओढून बसू.