चाकांवरचं घर, मोजलेलं पाणी

ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. 2020 च्या जनगणनेत इथली वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली. जुलैत पारा 43 अंशांपलीकडे जातो आणि रस्ते ओस पडतात. जानेवारीत मात्र गावाभोवतीच्या खडकाळ माळावर नजर पोहोचेल तिथवर आरव्ही, म्हणजे राहण्याच्या गाड्या, उभ्या असतात. बसएवढ्या आलिशान गाड्या, ट्रकमागे जोडलेले ट्रेलर आणि आतून फळ्या ठोकून राहण्याजोग्या केलेल्या जुन्या व्हॅन. मिनेसोटा, मोंटाना किंवा कॅनडातला बर्फ टाळून दक्षिणेला उतरलेली ही माणसं बहुतेक साठी ओलांडलेली असतात. अमेरिकेत त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

उतारवयात घर मागे ठेवायचं, मोजकं सामान घ्यायचं आणि वस्तीबाहेर जाऊन राहायचं, हे ऐकल्यावर मराठी वाचकाला वानप्रस्थ आठवणं साहजिक आहे. ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्याला इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी आठवतील. पण या माळावर जे घडतं त्याला त्याग म्हणता येईल का? घर लहान झालं की माणसाची हाव लहान होते का? आणि ज्याचं घर परिस्थितीनंच काढून घेतलं, त्याच्या रिकाम्या हातांना वैराग्याचं नाव देण्याचा अधिकार कुणाला आहे?

उत्तराची सुरुवात टाकीपासून करावी लागते.

अमेरिकेत घरी राहणारा माणूस दिवसाला सरासरी 300 लिटरहून थोडं अधिक पाणी वापरतो. मध्यम आकाराच्या आरव्हीची पाण्याची टाकी दीडशे-दोनशे लिटरची असते. म्हणजे घरी एका माणसाला एक दिवसही न पुरणारं पाणी इथे जोडप्याला आठवडाभर, जमल्यास दहा दिवस पुरवावं लागतं. अंगावर पाणी घ्यायचं, नळ बंद करून साबण लावायचा, मग पुन्हा पाणी. ताट धुण्याआधी कागदानं पुसून घ्यायचं. वापरलेलं पाणी कुठेही सोडता येत नाही. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी ‘ग्रे’ टाकीत जातं, शौचाचं ‘ब्लॅक’ टाकीत, आणि दोन्ही टाक्या भरल्या की गाडी सुरू करून डंप स्टेशनवर नेऊन स्वतःच्या हातांनी रिकाम्या कराव्या लागतात. शहरात माणूस पाण्याचा उगमही पाहत नाही आणि शेवटही पाहत नाही. इथे दोन्ही टोकं त्याच्याच पलंगाखाली असतात. अपरिग्रहावरची कितीतरी प्रवचनं ऐकून जे मनावर ठसत नाही, ते या टाक्या आठवडाभरात ठसवतात.

विजेचंही तसंच. डिसेंबरच्या अखेरीस इथला दिवस जेमतेम दहा तासांचा, आणि भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून फार तर 33 अंशांवर. छतावर आडव्या बसवलेल्या सौर पट्ट्यांवर ऊन तिरकं पडतं, बॅटरी पुरती भरत नाही, आणि समोर चौदा तासांची रात्र उभी असते. दिवसा विशीच्या घरातलं तापमान रात्री पाचावर, एखाद्या रात्री शून्याजवळ येतं. भट्टी प्रोपेनवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. कडाका फारच पडला तर वेगळीच अडचण येते. लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नसतात. भट्टी टाळून आत उघडा प्रोपेनचा हीटर लावावा, तर एक किलो वायू जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. पहाटे खिडक्यांवरून ओघळ वाहतात, गादीखाली बुरशी धरते. खिडकी गच्च लावून निजलं तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो. म्हणून थंडीतही खिडकीची फट उघडी ठेवून झोपायचं.

हे सोसायचं कशासाठी? ज्यांनी तो माळ अनुभवला आहे त्यांना विचारावं लागत नाही. हिवाळ्यातली कोरडी, स्वच्छ हवा, दिवसभराचं ऊन, संध्याकाळी जांभळ्या होत जाणाऱ्या डोंगररांगा, आणि चंद्र नसलेल्या रात्री इतके तारे की ओळखीची नक्षत्रंही गर्दीत हरवावीत. पाऊस झालाच तर क्रिओसोटच्या झुडपांचा वास मैलभर पसरतो. सांधेदुखीनं घरात कोंडलेली माणसं इथे रोज चालायला निघतात. हा आनंद खरा आहे, आणि तो फुकटात मिळतो म्हणून हलका ठरत नाही.

मात्र एकाच माळावर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी उभ्या असतात. एका गाडीची किंमत लाखो डॉलर, आत मोठा टीव्ही आणि बर्फाचं यंत्र. तिच्या मालकाचं उत्तरेतलं घर कुलूपबंद, सुरक्षित. पलीकडच्या व्हॅनमध्ये राहणाऱ्या बाईकडे या व्हॅनशिवाय काहीच नाही. 2008 च्या मंदीत अनेकांची घरं आणि बचत बुडाली, पेन्शनमध्ये घरभाडं भागेना. जेसिका ब्रूडर यांनी अशा माणसांबरोबर राहून लिहिलेलं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक 2017 मध्ये आलं, आणि त्यावर क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला 2021 मध्ये ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. सत्तरीच्या जवळ आलेली माणसं गोदामांत हंगामी काम करतात, शरदात बीटच्या काढणीला जातात आणि थंडीत या माळावर येतात, हे त्यातून जगाला कळलं.

वानप्रस्थाची कल्पना अशी की गृहस्थाश्रमातलं कर्तव्य पुरं झालं, घर पुढच्या पिढीच्या हाती सोपवलं, मग वनाची वाट धरली. सोडण्याआधी हातात काहीतरी असावं लागतं. जिच्याकडून घर हिसकावलं गेलं तिच्या साधेपणाचं कौतुक करणं म्हणजे तिच्यावरच्या अन्यायाला धर्माची शाल पांघरणं होय. असं कौतुक करू नये. तिला वैराग्य नव्हे, परवडणारं घर आणि औषधपाणी मिळायला हवं. श्रीमंत आरव्हीवाल्याचं दिवाणखान्यासह वनात येणंही वानप्रस्थ ठरत नाही, पण त्याचा दोष लहान आहे. गरिबीला तपश्चर्या म्हणणाऱ्याचा दोष मोठा.

तरीही गोष्ट इथे संपत नाही, कारण लादलेल्या परिस्थितीतही माणूस काहीतरी निवडतो.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये संत अँटनीनं वडिलोपार्जित जमीन सोडली आणि पुढे पडक्या किल्ल्यात सुमारे वीस वर्षं एकांतात काढली. त्याच्या मागोमाग वाळवंटात तपस्व्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्या वस्त्यांमध्ये राहिलेल्या इव्हॅग्रिअसनं एकांताच्या शत्रूंची यादी केली. त्यात खादाडपणा आहे, राग आहे, आणि सर्वांत जाच करणारा म्हणून भरदुपारचा कंटाळा आहे. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, डोळे पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर जातात, दुसऱ्या कुठल्यातरी जागी देव सहज भेटेल असं वाटू लागतं. फेब्रुवारीतल्या दुपारी, वारा धूळ उडवत असताना, डब्यात अडकलेल्या सेवानिवृत्त माणसाची अवस्था याहून वेगळी नसते. गाडीला चाकं असल्यामुळे त्याचा मोह अधिक मोठा. इंजिन सुरू केलं की झालं. जागा बदलण्याची सोय हेच स्वातंत्र्य, असं मानणाऱ्याला वाळवंट इथे गाठतं.

या तपस्व्यांच्याच काळात बेसिल नावाच्या बिशपनं निव्वळ एकांतावर कठोर आक्षेप घेतला. एकट्यानं राहणारा माणूस कुणाची सेवा करणार, नम्रता कुणापुढे शिकणार, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानं मठ बांधले ते माणसांच्या सोबतीसाठी. क्वार्टझसाइटच्या माळावर या युक्तिवादाला पाठबळ मिळतं. बॉब वेल्स यांनी 2010 मध्ये इथे ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’ नावाचा मेळावा सुरू केला. शुल्क नाही. व्हॅनमध्ये सुरक्षित कसं राहावं, सौर पट्टी कशी जोडावी, शौचाची सोय बादलीवर कशी करावी, हे आधी शिकलेले नव्यांना शिकवत. सुरुवातीला मोजक्या गाड्या होत्या, दशकाच्या अखेरीस हजारो माणसं येऊ लागली. कुणाची बॅटरी बसली तर शेजारी तारा घेऊन येतो. दात दुखू लागला तर सीमेपलीकडच्या लॉस अल्गोडोनेस या दंतवैद्यांच्या मेक्सिकन गावाला जाणाऱ्या गाडीत जागा मिळते. त्याग कुठे असेल तर तो इथे आहे, आणि तो व्हॅनवालीलाही जमतो, बसएवढ्या गाडीवाल्यालाही.

जमिनीशी असलेलं नातंही याच प्रश्नाचा भाग आहे. हा माळ संघीय सरकारचा, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातला. 1983 पासून ठरावीक क्षेत्रांत 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा दीर्घ मुक्काम करता येतो. अनेक वर्षं या संपूर्ण हंगामाचं शुल्क 180 डॉलर होतं. या क्षेत्रांबाहेर पैसे लागत नाहीत, पण सर्वसाधारणपणे चौदा दिवसांनी तळ हलवावा लागतो. जैन मुनी आठ महिने विहार करतात आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबतात, कारण ओल्या मातीतले जीव पायाखाली चिरडू नयेत. आपल्याकडे महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांनीही अनुयायांना अटनाचा, फिरत राहण्याचा नियम घालून दिला. इथला चौदा दिवसांचा नियम सरकारी आहे, पण त्याची एक बाजू जमिनीचीच काळजी आहे. वाळवंटाचा पृष्ठभाग म्हणजे शतकानुशतकं घट्ट बसलेल्या खड्यांचा पातळ थर. दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 1944 या काळात जनरल पॅटन यांनी उभारलेल्या प्रशिक्षण केंद्राचे रणगाडे याच भागातून फिरले. त्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात.

श्रद्धेनं या वाळवंटात काय उभं राहू शकतं, हे पाहायचं तर पश्चिमेला, कॅलिफोर्नियातल्या नायलँडजवळच्या स्लॅब सिटीत जावं. नौदलाच्या मरीन दलाचा जुना तळ पाडल्यावर उरलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्यांवर लोक गाड्या लावून राहतात. तिथे पाणी नाही, वीज नाही, भाडंही नाही. 1980 च्या दशकात लेनर्ड नाइट इथे आले. देव म्हणजे प्रेम, एवढा एकच संदेश मोठ्या गरम हवेच्या फुग्यावर लिहून उडवायचा त्यांचा बेत होता. फुगा काही उडाला नाही. मग त्यांनी टेकडीवरच तो संदेश रंगवायला घेतला. काही वर्षांनी सिमेंट आणि वाळूचा तो पहिला डोंगर कोसळला. नाइट यांनी देवाचे आभार मानले, की रचना धोक्याची होती हे वेळेत कळलं. आणि माती व गवताच्या मिश्रणानं पुन्हा सुरुवात केली. ट्रकच्या मागच्या भागात, वीज-पाण्याविना राहून त्यांनी जवळजवळ तीन दशकं हे काम केलं. लोक रंगाचे डबे आणून देत, ते पाहुण्यांना हौसेनं डोंगर दाखवत. 2002 मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या नोंदीत या डोंगराचा राष्ट्रीय ठेवा म्हणून उल्लेख केला.

2011 च्या अखेरीस प्रकृतीमुळे नाइट यांना वृद्धाश्रमात जावं लागलं, आणि 2014 मध्ये त्यांचं निधन झालं. ऊन आणि क्वचित येणारा जोराचा पाऊस मातीच्या डोंगराला दरवर्षी तडे पाडतो. ते बुजवण्याचं आणि रंग देण्याचं काम आता स्वयंसेवक करतात.