दूध निघालं की सोडायचं का?

पाऊस पडून रान हिरवं झालं की आमच्या अहमदपूरकडच्या डोंगरपट्ट्यात लातूर-नांदेडची पोरं येतात. कॉलेजची असतात, नोकरीवाली असतात. दिवसभर फिरायचं, रानभाज्या ओळखायच्या अन् संध्याकाळी भाकरीसंग खायच्या, असा बेत. कृषी खातं ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवायला लागल्यापासून ही हौस वाढली. हौस चांगलीच. पण दोन तासांत किती सांगावं, हा पेच सांगणाऱ्याला पडतो.

पोरांना सूत्र पाहिजे असतं. "काका, एक खूण सांगा, म्हणजे कुठंही गेलो तरी चालंल." आता घोळ घ्या. तिच्यासारखीच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी असते. देठ मोडला की दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून येत नाही. पोरं लगेच वहीत लिहितात : दूध निघालं की सोडा. अन् पाथरी? तिलाही चीक असतो, तरी आमच्याकडं ती भाकरीसंग कच्ची खातात. म्हणजे खूण त्या दोन झाडांपुरतीच खरी. तरोटा अन् कासविंदा यांचंही तसंच. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या, टोक गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त अन् टोक अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान लेकरं कासविंद्याच्या बिया खाऊन दगावली. आधी मेंदूज्वर समजत होते, डॉक्टरांनी मागाहून कारण हुडकलं.

आळंबीबद्दल तर मी तोंडच उघडत नाही. किड्यानं खाल्लेली चालते, चांदीचं नाणं काळं पडलं तरच विषारी, शिजवली की विष मरतं, हे सगळं खोटं आहे. काही आळंब्यांचं विष कितीही उकळा, जात नाही.

झाड ओळखून भागत नाही, जागाही ओळखावी लागते. सोयाबीनच्या बांधावरचा तांदुळजा लुसलुशीत दिसतो, पण काल त्याच बांधावर तणनाशक मारलेलं असू शकतं. पान पिवळं पडायला काही दिवस जातात. मोबाईल झाडाचं नाव सांगंल, फवारा कुणी अन् कधी मारला ते शेतमालकालाच विचारावं लागतं.

सहलीवाले पोरांकडून सही घेतात, 'स्वतःच्या जबाबदारीवर आलो आहे' म्हणून. सहीनं ते सुटत असतील. सांगणारा सुटतो असं मला वाटत नाही. ज्याला धोतऱ्याचं कोवळं रोप ओळखू येत नाही, त्यानं कशाची जबाबदारी घेतली? त्याला धोकाच ठाऊक नाही. तो मला ठाऊक आहे, म्हणून भार माझ्याकडं राहतो.

यावर एक शिकलेला गृहस्थ मला म्हणाला, "तुम्ही लपवून ठेवता. तुमच्यासंग सगळं जाईल." बोलणं अगदीच खोटं नाही. 72च्या दुष्काळात माझ्या मायनं याच रानातल्या पाल्यावर आम्हाला जगवलं. तिनं कुणापासून काही लपवलं नव्हतं. पण तिनं मला एकेक झाड उगवताना, फुलावर अन् बियांवर आलेलं असं तिन्ही वेळा दाखवलं. चुकलो तर हातातला पाला फेकून द्यायची. त्याला वर्षं गेली. ते दोन तासांत दिलं तर झाडाचं नाव तेवढं पोचतं, मायचा फेकणारा हात पोचत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. कर्टुल्याचा वेल जमिनीतल्या कंदातून दरसाल फुटतो. हौसेनं कुणी कंद उपटला की तो वेल संपला. किनवट-माहूरकडं बाया असली रानभाजी विकून मीठ-मिरची आणतात. तीस जणांना वेलाची जागा दाखवायची ती कुणाच्या वाट्यातून, हेही बघावं लागतं.

म्हणून यंदा घोळ, तांदुळजा अन् कर्टुलं, तीनच दाखवणार. ज्याला खरंच शिकायचं त्यानं जूनला यावं, ऑगस्टला यावं, दिवाळीच्या आधी बिया बघायला परत यावं. पहिल्या फेरीत हात लावायचा, खायचं नाही. आळंबीचा हट्ट धरलाच कुणी, तर बाजारातल्या मशरूमची भाजी करून घालू, त्यात काही जात नाही.