न सांगता सुरू होणारं

बटण दाबणारा हात एक असतो. त्या एका दाबण्यावर आत किती जण कामाला लागतात, हे त्या हाताला सहसा माहीत नसतं.

*

करंजाडेसारख्या वसाहतीत संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारी तक्रार बहुधा एका शब्दाची असते: स्लो. चालू व्हायलाच वेळ लावतो, मध्येच हँग होतो, फॉरमॅट मारून द्या. फॉरमॅट मारला की मशीन थोडे दिवस पळतं आणि मग पुन्हा तसंच होतं. कारण त्या दिवसांत आपण तेच प्रोग्राम परत टाकतो, आणि त्यातला जवळपास प्रत्येक प्रोग्राम मशीनबरोबर सुरू होणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव परत घालून ठेवतो.

ही यादी लपवलेली नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप ॲप्स' नावाचं पान आहे. नको त्या नावावर राइट क्लिक करायचं आणि 'डिसेबल' म्हणायचं. प्रोग्राम कुठे जात नाही. त्याच्या फाइली, त्यातली आपली माहिती, डेस्कटॉपवरचं त्याचं चित्र, सगळं जागच्या जागी राहतं. बोलावलं की तो येतो. बोलावल्याशिवाय येणं तेवढं थांबतं.

*

त्या यादीतले बहुतेक जण चोरून आलेले नसतात. इन्स्टॉल करताना एका चौकोनात खूण आधीच केलेली होती आणि आपण 'नेक्स्ट' म्हणालो. आपलं लक्ष नव्हतं, पण होकार आपलाच होता. होकाराला मुदत घालायची पद्धत आपल्याकडे नाही. एकदा दिला की तो मागे घेईपर्यंत रोज सकाळी वापरला जातो.

*

त्याच पानावर 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा रकाना असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन, एवढं झालं की मायक्रोसॉफ्ट त्या प्रोग्रामपुढे 'हाय' लिहिते.

एक सेकंद. त्याबद्दल कोण कोणाशी भांडेल? प्रोग्राम बनवणारा आपला सेकंद रिकाम्या, नव्या मशीनवर मोजतो आणि समाधान पावतो. आपल्या मशीनवर त्याच घटकेला त्याच्यासारखे दहा-पंधरा असतात. शिवाय त्यांची बेरीजही सरळ होत नाही. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते आणि वाचायची जागा एका वेळी एकच असते. पंधरा जणांनी पंधरा ठिकाणची माहिती एकदम मागितली, की वाचण्यापेक्षा इकडून तिकडे जाण्यातच वेळ जातो. रांगेत आले असते तर लवकर सुटले असते.

*

महाराष्ट्रात हे संगणकाच्या पडद्यापेक्षा विहिरीवर जास्त स्पष्ट दिसतं.

करंजाडे ही सिडकोची वसाहत. इथल्या इमारतींत राहून जेएनपीए बंदरात, तळोज्याच्या एमआयडीसीत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला जाणाऱ्यांत घाटावरून आलेली पुष्कळ माणसं आहेत. घर इथे, शेत गावाकडे भावाच्या हाती. त्यांना 'ऑटो' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. लाइट गेली की मोटर बंद पडते. लाइट परत आली की स्टार्टरचं बटण कोणीतरी दाबावं लागतं. ते दाबण्यासाठी स्टार्टरला जोडलेला स्विच म्हणजे ऑटो.

तो लोकांनी हौसेने बसवलेला नाही. शेतीची लाइट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठेक तास. रात्रपाळी असली की अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जायचं. पायाखाली साप-विंचू, आणि ऊसपट्ट्यात बिबट्या. लाइट मध्येच गेली आणि परत आली तर पुन्हा जायचं. ज्याने हे केलेलं नाही त्याने ऑटो बसवणाऱ्याला शहाणपण शिकवू नये.

पण मग लाइट येते. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जितक्या मोटरी आहेत, तितके ऑटो एकाच क्षणी बटण दाबतात. मोटर उभ्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा तिला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो. सगळ्या मोटरी तो एकदम मागतात. व्होल्टेज पडतो. पडलेल्या व्होल्टेजवर मोटरीला वेग घेता येत नाही, ती नुसती घुमत राहते, आणि वेग मिळेपर्यंत तो जास्तीचा करंट ओढतच राहते. अशात कुठे मोटरीचं वाइंडिंग जळतं, कुठे डीपी. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत सगळ्यांचं पीक वाळतं. ज्याने ऑटो लावलेला नव्हता, त्याचंही.

ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आली आहे. ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: माझ्या एकट्याच्या पाच एचपीने डीपी कशी जळेल? त्याचं म्हणणं खरं आहे. एकट्याच्या मोटरीने डीपी जळत नाही. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं आणि डीपी जळलेली असते.

*

शेतकऱ्याचा ऑटो गरजेतून आला. प्रोग्रामचा ऑटो विसरलं जाण्याच्या भीतीतून येतो. गाणी ऐकवणारा, मीटिंग जोडणारा, गेम विकणारा, प्रिंटरच्या सीडीवरून आलेला, या सगळ्यांना तुम्ही हाक माराल तेव्हा चटकन समोर दिसायचं असतं. म्हणून ते आधीच उठून बसतात. त्यांची ती चपळाई तुमच्या सुरुवातीच्या वेळातून घेतलेली असते.

म्हणून दोघांना एकच नियम लावू नये. शेतकऱ्याला 'ऑटो काढ' म्हणण्याआधी त्याला दिवसा लाइट द्यायला हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली ती याच हेतूने: सौरऊर्जेवर शेतीचे फीडर चालवून दिवसा वीज द्यायची. जिथे ती खरोखर पोचते, तिथे ऑटोचं कारणच उरत नाही. प्रोग्रामच्या बाबतीत असं काहीच आधी पुरवायचं नसतं. खूण काढली की झालं.

*

जो सगळ्यांच्या आधी उठतो, त्याच्या हाती घर जातं.

१९८६ साली लाहोरमध्ये लिहिला गेलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सर्वांत आधी वाचतो त्या जागी बसायचा. डॉस जागं होईपर्यंत तो ताबा घेऊन मोकळा झालेला असायचा. नंतर कोणी ती जागा तपासायला गेलं, तर तो मूळ बूट सेक्टर काढून दाखवायचा, सगळं ठीक आहे असा. मागून आलेल्याला आधी आलेला जे दाखवील तेच दिसतं.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळलेले कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसने बिघडलेली असत. त्यातून संजय यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेल्या अँटिव्हायरसची पुढे 'क्विक हील' कंपनी झाली. या धंद्यातली सगळी लढाई आधी कोण उठतं याचीच आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर अँटिव्हायरसला बाकीच्या ड्रायव्हरांच्याही आधी सुरू होण्याचा हक्क दिला गेला.

यादीत अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर ते राहू द्यावं. पहारेकऱ्याने न बोलावता यायचं असतं.

*

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह आठवा. तो लावला की त्यातलं काहीतरी आपोआप सुरू व्हायचं. २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर नावाचा किडा या सोयीवरूनही जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हची ही मुभा काढली आणि २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजमधूनही अपडेट देऊन मागे घेतली. पेनड्राइव्ह आजही चालतो. आधी विचारतो, एवढाच फरक.

*

यादी पाहताना हात लगेच चालवू नये. न ओळखलेलं नाव निरुपयोगीच असेल असं नाही.

सेवा केंद्रातल्या संगणकावर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' मागे शांत चालू असते. ना तिची खिडकी दिसते, ना तिचं चित्र. मशीन हलकं करण्याच्या उत्साहात कोणी ती बंद केली, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेल्या आजीचा अंगठा यंत्र घेत नाही. ती पुन्हा पुन्हा बोट पुसते, पदराला घासते. दोष आपल्या झिजलेल्या बोटाचाच आहे असं तिला वाटतं.

कोणाला थांबवायचं हे ठरवण्याआधी तो कोणासाठी उठतो, हे विचारावं.

*

डॉसच्या काळी ही यादी बहुतांशी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असायची: ऑटोएक्झेक डॉट बॅट. उघडा, वाचा, नको ती ओळ खोडा. आता ती विखुरली आहे. थोडी स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये, थोडी रजिस्ट्रीत, थोडी टास्क शेड्यूलरमध्ये, उरलेली सर्व्हिसेसमध्ये. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी 'ऑटोरन्स' नावाचं एक छोटं साधन लिहिलं, ते हे सगळे कोपरे एका जागी आणून दाखवतं. मायक्रोसॉफ्टच ते फुकट देते. पहिल्यांदा उघडलं की नावांच्या संख्येनेच दडपायला होतं.

तरी पाहावं. जे आपल्या नावावर चालतं, ते आपल्याला वाचता यायला हवं.

*

लिनक्समध्ये दोन वेगळे हुकूम आहेत. 'स्टॉप' म्हटलं की चालू असलेलं काम आत्ता थांबतं. पुढच्या वेळी मशीन चालू होताना ते पुन्हा उठतं. 'डिसेबल' म्हटलं की पुढच्या वेळी ते उठणार नाही. आत्ता मात्र चालूच राहतं. खरंच थांबवायचं असेल तर दोन्ही म्हणावं लागतं.

माणसं सहसा पहिलं म्हणतात आणि दुसरं झालं असं समजतात. रोज उठून तीच खिडकी फुलीने बंद करणारा वर्षानुवर्षं फक्त 'स्टॉप' म्हणत असतो.

*

चालू आणि बंद यांच्या मधे आणखी एक जागा आहे: थोडं थांबून. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेसना 'डिलेड स्टार्ट' ठरवून देता येतं. आधी आवश्यक ते सगळं उठतं आणि दोनेक मिनिटांनी हे मागचे. काम तेच होतं, पण पहिल्या क्षणाची गर्दी टळते. विहिरीवरचे ऑटो एकाच क्षणाऐवजी मागेपुढे लागते, तर कितीतरी डीप्या वाचल्या असत्या.

*

ज्याचं मशीन नवं, एसएसडीचं, भरपूर रॅमचं, त्याला यातलं काही जाणवत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं मशीन तसंच असतं. जाणवतं ते चार जीबी रॅमच्या, तिसऱ्या हाताच्या लॅपटॉपवर, ज्याच्यावर घरातली मुलगी सीईटीचा अर्ज भरायला बसली आहे आणि आज शेवटची तारीख आहे. पडद्यावर एक गोल फिरतोय. त्या गोलामागे कोणीतरी गाण्यांची यादी ताजी करतंय, कोणीतरी गेमची नवी आवृत्ती शोधतंय, कोणीतरी नुसतंच हजर राहतंय.

तिला वाटतं लॅपटॉप जुना झाला. घरात नव्याच्या पैशांचा विषय निघतो. यादीतली सहा-सात नावं काढली असती, तर तोच लॅपटॉप आणखी दोन वर्षं चालला असता. हे तिला सांगणारं आसपास कोणीतरी असायला हवं. शाळेतल्या संगणकाच्या तासाला सांगता येईल, एमएस-सीआयटीच्या वर्गात सांगता येईल. फॉन्ट ठळक कसा करायचा हे शिकवण्याइतकाच वेळ याला लागतो, आणि ज्याच्याजवळ दुसरं मशीन नाही त्याच्यासाठी याचं मोल फार मोठं आहे.

*

काढलेलं नाव कधी परत येतं. अपडेटबरोबर प्रोग्राम आपली नोंद नव्याने घालतो, किंवा टास्क शेड्यूलरच्या दाराने आत येतो. असं झालं तर टास्क मॅनेजरवर थांबू नये. त्या प्रोग्रामच्याच सेटिंग्जमध्ये 'मशीन सुरू होताना सुरू व्हावं' अशा अर्थाची ओळ असते. तिथली खूण काढावी आणि मशीन रीस्टार्ट करून पाहावं. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं तर शटडाउनमध्ये मशीन आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं. एवढं करूनही तो न बोलावता आला, तर त्याला मशीनवरून काढून टाकावं.