जुळणीची नीती : परावर्तन, संरचना आणि अन्वयार्थ

पातळ पटलाच्या अंतर्रचनेविषयी न्यूट्रॉन काय सांगतात, हा प्रश्न वरकरणी पदार्थविज्ञानाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली अडचण संहितेच्या अभ्यासकालाही परिचित वाटावी अशी आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ साली कार्यान्वित झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतील न्यूट्रॉन अशा मापनासाठी वापरले जातात. न्यूट्रॉनांचा झोत पटलावर अत्यंत लहान कोनातून सोडला जातो व त्यांपैकी किती परावर्तित झाले, याची नोंद होते. नोंद होते ती केवळ तीव्रतेची. परावर्तित तरंगाची कला मापनातच हरवते. संरचना ज्ञात असेल, तर परावर्तनाचा वक्र काढण्याची रीत निश्चित आहे. पॅरट यांनी १९५४ साली क्ष-किरणांसाठी मांडलेले आवर्ती सूत्र न्यूट्रॉनांनाही लागू पडते. वक्रावरून संरचनेकडे परतण्याची वाट मात्र एकच नाही. म्हणून संशोधक आधी एक प्रतिमान गृहीत धरतो : थर किती, त्यांची जाडी किती, घनता व सीमांचा खडबडीतपणा किती. त्यातून निघणारा वक्र मोजलेल्या वक्राशी जुळेपर्यंत तो ही मूल्ये बदलत राहतो.

जुळले म्हणजे खरे ठरले काय? दोन्ही बाजूंना एकच माध्यम असलेल्या आणि न्यूट्रॉन न शोषणाऱ्या पटलातील थरांचा क्रम पूर्णपणे उलटा केला, तरी परावर्तनाची तीव्रता तीच राहते. मापन कितीही अचूक झाले, तरी या दोन परस्परविरुद्ध संरचनांमधील निवड त्यातून होत नाही. ती बाहेरून येते : पटल कसे तयार केले याच्या माहितीतून, किंवा संशोधकाच्या अपेक्षेतून. या दोहोंतला भेद लपवला गेला, की ज्ञानाच्या प्रश्नाचे रूपांतर नैतिक प्रश्नात होते.

येथे दोन प्रलोभने संभवतात. पहिले, विचलन घटावे म्हणून थरावर थर वाढवत नेण्याचे. पुरेशी चले हाताशी असली, की मापनातील यादृच्छिक चढउतारालाही ‘अर्थ’ देता येतो. कवितेतील प्रत्येक स्वल्पविरामाला प्रतीक ठरवणारी समीक्षा याच वाटेने जाते. दुसरे प्रलोभन संशयवादाचे : अनेक संरचना जुळतात, तेव्हा सर्वच सारख्या. ही निष्पत्ती तर्कशुद्ध नाही. अनेक प्रतिमाने टिकतात याचा अर्थ कोणतेही टिकते असा होत नाही. बहुसंख्य प्रतिमाने पहिल्याच तुलनेत बाद होतात. शिवाय प्रश्न बदलून विचारता येतो. हायड्रोजनची प्रकीर्णन-लांबी ऋण, तर ड्यूटेरियमची धन असते. म्हणून तेच पटल एकदा साध्या व एकदा जड पाण्याच्या संपर्कात मोजले, तर दोन भिन्न वक्र मिळतात आणि एकाच संरचनेला दोहोंचे उत्तर द्यावे लागते. आपले वाचन ज्यात मोडू शकेल अशी कसोटी स्वतःच शोधणे, हे येथे वाचकाचे कर्तव्य ठरते.

परंतु प्रत्येक वेळी दुसरे मापन शक्य नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात भूकंप झाला. उमरगा तालुक्यातील गावे उद्ध्वस्त झाली आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूगर्भात काय घडले, हेही पृष्ठभागावर नोंदलेल्या तरंगांवरूनच उलगडावे लागले. पुढे किल्लारीजवळ घेतलेल्या छिद्राने बेसाल्टची जाडी ३३८ मीटर असल्याचे दाखवले. पण ते ज्ञान एका बिंदूपुरते. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध आहे काय, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. अशा ठिकाणी ‘आमचे प्रतिमान जुळते’ एवढे विधान पुरेसे नसते. त्या भूमीवर पुन्हा घर बांधणाऱ्याला, कोणती पर्यायी प्रतिमानेही जुळत होती आणि ती कोणत्या कारणाने बाजूला ठेवली, हे कळण्याचा अधिकार आहे.

या साधर्म्याची मर्यादाही स्पष्ट करावयास हवी. पटलाला वाचकनिरपेक्ष अशी एक संरचना असते. ती आपल्याला कळो वा न कळो. साहित्यकृतीला तसा एकच अर्थ असतो, हे गृहीत धरता येत नाही. तिथे छिद्र पाडून खात्री करण्याची सोय नाही, कारण लेखकाचा हेतू सांगणारे पत्रही आणखी एक संहिताच असते. तेव्हा विज्ञानाकडून समीक्षेने घ्यावयाची ती एकार्थतेची हमी नव्हे. घ्यावयाची ती हिशेब देण्याची शिस्त : संहितेतून काय मिळाले, आपण बाहेरून काय आणले, आणि कोणते वाचन तितकेच जुळत असूनही आपण नाकारले. हा हिशेब न देणारे वाचन चुकीचे असेलच असे नाही. मात्र ते बरोबर आहे की चूक, हे तपासण्याचा मार्ग ते इतरांसाठी बंद करते.