तलावाकाठी वृद्धांचे घर

चांगल्या कामासाठी नियम थोडा वाकवला तर बिघडले कुठे, असे आपण पुष्कळदा ऐकतो. समजा, गावच्या तलावाच्या काठाला एक मोकळी जागा आहे. कुणी सुचवतो, येथे वृद्धांसाठी घरे बांधू या. समोर पाणी, मोकळी हवा, देऊळ चालत जाण्याइतके जवळ. मात्र काठालगत पक्के बांधकाम करायला नियमाची मनाई आहे. अशा वेळी सद्‌विवेकाने काय सांगावे? दया मोठी की नियम?

गरज खरी आहे, हे आधी मान्य करू या. मुले नोकरीसाठी परदेशी गेली आणि मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे उरली, अशी घरे वसईत आळीआळीत आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. तो सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी असावा, असेही त्यात म्हटले आहे. वृद्धांना गावाबाहेर दूर नेऊन ठेवणे म्हणजे आईबापांचा मान राखणे नव्हे.

आता नियमाकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळ जागेच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत कायमचे बांधकाम करता येत नाही. बोटीच्या धक्क्याला तेवढी सूट आहे. ही रेषा कुणा अधिकाऱ्याच्या लहरीने आखलेली नाही. पावसाळ्यात तलाव फुगतो, तेव्हा त्याला पसरायला ही जागा लागते. ती अडवली की पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. तरुण माणूस गुडघाभर पाण्यातून वाट काढतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीने काय करावे? वीज गेली, लिफ्ट बंद पडली, रुग्णवाहिका पोहोचत नाही, तर तलावाचा देखावा तिच्या काय कामाचा? म्हणजे ही रेषा त्या वृद्धांचेही रक्षण करते.

शेजाऱ्याच्या खिशातून केलेले दान हे दान ठरत नाही. काठ बुजवून केलेल्या परोपकाराची किंमत खालच्या आळीतील कुटुंबे, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि उद्या जन्मणारी मुले मोजतात. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी हेच बजावले आहे: पृथ्वी पुढच्या पिढ्यांचीही आहे.

कायद्यालाही मर्यादा आहेत. सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने खोदलेले जलाशय या २०१७ च्या नियमांत येत नाहीत. आपल्या वाडवडिलांनी वाडीला पाणी देण्यासाठी बावखले खोदली. त्यांतील कित्येक बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. जेथे नियम गप्प आहे, तेथे सद्‌विवेकाने बोलले पाहिजे.

पण बंधुभगिनींनो, नाण्याला दुसरी बाजूही आहे. कधी कधी तलावाचे नाव पुढे करून आपण मनातले लपवतो. आपल्या आळीत वृद्धाश्रम नको, रुग्णवाहिकेची ये-जा नको, जागेचा भाव उतरायला नको, असे ते असते. त्याच रेषेपलीकडे टॉवर उभा राहतो, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. हा निसर्गप्रेमाचा मुखवटा होय. ‘येथे नको’ म्हणणाऱ्यावर ‘मग कोठे?’ याचे उत्तर देण्याचीही जबाबदारी येते.

उत्तर अवघड नाही. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. आपण हरकतच नोंदवतो, सूचना क्वचितच करतो. काठ मोकळा ठेवा आणि गावातच, दवाखाना व चर्चजवळ, वृद्धांच्या घरांसाठी जागा राखून ठेवा, ही मागणी आपण एकत्रितपणे करू शकतो. काठावर सावलीची झाडे, बसायला बाके आणि घरापासून तेथवर सपाट पायवाट असली म्हणजे झाले. हात धरला तर पन्नास मीटर आजोबाही चालतील. तलावाला मात्र मागे सरकता येत नाही.