वीज नियामकाची राजकीय कारकीर्द

पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठावर आदिलाबाद. आदिलाबादच्या जैनद, बेला, भीमपूर या मंडलांत मराठी सर्रास कानी पडते. कापूस दोन्ही काठांवर पिकतो आणि विहिरीवरचा पंप दोन्हीकडे विजेवर चालतो. त्या विजेचा दर ठरवणारे आयोग मात्र दोन: एक मुंबईत, दुसरा हैदराबादेत. या आयोगांचे अध्यक्ष आणि सदस्य मते मागत नाहीत, सभा घेत नाहीत. त्यामुळे त्यांना राजकारणाबाहेरचे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. ही समजूत चुकीची आहे आणि नुकसानकारकही. तेलंगणाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर वीज नियामकाला जन्मापासून राजकीय कारकीर्द आहे हे स्पष्ट दिसते. ती झाकून ठेवल्याने नियामक स्वतंत्र होत नाही. उलट सत्ताधाऱ्यांना आपल्या निर्णयांची जबाबदारी टाकायला एक सोयीची जागा मिळते.

संयुक्त आंध्र प्रदेशात 1998 च्या वीज सुधारणा कायद्याने नियामक आयोगाची पायाभरणी झाली आणि 1999 मध्ये आयोग अस्तित्वात आला. या सुधारणांमागे जागतिक बँकेचे कर्ज होते आणि दर ठरवण्याचे काम राजकारण्यांच्या हातून काढून घेणे हा त्यांचा गाभा होता. पुढच्याच वर्षी, 2000 च्या उन्हाळ्यात, आयोगाच्या आदेशाने दरवाढ झाली. दर आयोगाने ठरवला, असे चंद्राबाबू नायडूंच्या सरकारला म्हणता येत होते. पण लोकांनी ते ऐकून घेतले नाही. डावे पक्ष आणि काँग्रेस रस्त्यावर उतरले आणि 28 ऑगस्ट 2000 रोजी हैदराबादच्या बशीरबागेत विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचा बळी गेला. तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष असलेले के. चंद्रशेखर राव यांनी दरवाढीच्या विरोधात मुख्यमंत्र्यांना खुले पत्र लिहिले आणि 27 एप्रिल 2001 रोजी तेलंगणा राष्ट्र समिती स्थापन केली. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी 2003 मध्ये पदयात्रा काढली आणि 14 मे 2004 रोजी मुख्यमंत्री होताच शेतीला मोफत वीज देणाऱ्या फायलीवर पहिली सही केली. स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीची मुळे याहून कितीतरी खोल आहेत. तरीही राजकारण टाळण्यासाठी नेमलेल्या संस्थेच्या पहिल्याच मोठ्या आदेशाने एका राज्याच्या राजकारणाला वळण दिले, हे नाकारता येत नाही.

राज्य वेगळे झाल्यावर नोव्हेंबर 2014 मध्ये तेलंगणाचा स्वतःचा आयोग कामाला लागला. 2018-19 चा दरनिर्णय झाला आणि त्यानंतरचा सविस्तर दरनिर्णय थेट 2022-23 साठी आला. मधल्या वर्षांत वितरण कंपन्यांकडून वेळेवर दरप्रस्ताव आले नाहीत. याच काळात विधानसभेची आणि लोकसभेची निवडणूक पार पडली. कंपनी प्रस्ताव आणत नसेल तर आयोगाने आपण होऊन दरनिश्चिती हाती घ्यावी, असे वीज अपिलीय न्यायाधिकरणाने 11 नोव्हेंबर 2011 च्या निकालात बजावले होते. तरीही ही वर्षे कोरी गेली. अखेर मार्च 2022 च्या आदेशाने घरगुती दर युनिटमागे 50 पैशांनी वाढले. दर न वाढवणे म्हणजे खर्च न होणे नव्हे. खर्च कर्जात साठत जातो. डिसेंबर 2023 मध्ये नव्या काँग्रेस सरकारने मांडलेल्या श्वेतपत्रिकेत वितरण कंपन्यांचा साचलेला तोटा 62,461 कोटी रुपये दाखवला. श्वेतपत्रिका हाही राजकीय दस्तऐवज असतो, आकड्यांवर वाद होऊ शकतो. पण दरनिर्णयच झाले नाहीत, त्या वर्षांत हा वाद सुनावणीसमोर येण्याची वाटच बंद होती. आयोगाचे मौन हाही त्याचा राजकीय निर्णय असतो.

आयोगाची ढाल कशी होते, याचे ठळक उदाहरण छत्तीसगडच्या वीजखरेदीचे. चंद्रशेखर राव सरकारने त्या राज्याकडून 1,000 मेगावॅट वीज घेण्याचा करार केला. त्यावर के. रघू या वीज अभियंत्याने आयोगापुढे आक्षेप घेतले, तरी आयोगाने करारास मान्यता दिली. 2024 मध्ये काँग्रेस सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एल. नरसिंह रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमला. तेव्हा माजी मुख्यमंत्री राव यांनी न्यायालयात मांडलेला एक मुद्दा असा, की नियामक आयोगाने मंजूर केलेल्या व्यवहाराची चौकशी आता दुसरा आयोग करू शकत नाही. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये चौकशी थांबवली नाही. नरसिंह रेड्डी यांनी पत्रकार परिषदेत मतप्रदर्शन केले होते, म्हणून त्यांच्या जागी दुसरे न्यायमूर्ती नेमायला सांगितले. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी यातली राजकीय रीत लक्षात घ्यावी: करार सरकारचा, मान्यता आयोगाची, आणि प्रश्न विचारला की उत्तर कोणाकडेच नाही.

हे व्यक्तींच्या दोषाने घडत नाही, कायद्याच्या रचनेतच त्याला जागा आहे. 2003 च्या वीज कायद्यानुसार उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय संस्थेचे अध्यक्ष यांची समिती प्रत्येक जागेसाठी दोन नावे सुचवते; त्यातले एक राज्य सरकार निवडते. मुदत पाच वर्षे किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत. पद सोडल्यावर दोन वर्षे व्यापारी नोकरी घेता येत नाही, पण सरकारी सल्लागारपद किंवा पक्षाचे तिकीट घेण्याबद्दल हे कलम काही बोलत नाही. म्हणजे कंपन्यांचा मोह कायद्याने ओळखला, सत्तेचा ओळखला नाही.

यावर कोणी म्हणेल, मग नियामकच निवडून का देऊ नयेत? अमेरिकेतील काही राज्यांत तसे होते. लुईझियानाचे ह्यूई लाँग 1918 मध्ये रेल्वे आयोगावर निवडून आले, त्यांनी दूरध्वनीची दरवाढ हाणून पाडून ग्राहकांना पैसे परत मिळवून दिले आणि त्या बळावर 1928 मध्ये ते गव्हर्नर झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये जॉर्जियाच्या मतदारांनी वाढत्या बिलांच्या रागात आयोगाचे दोन विद्यमान सदस्य घरी पाठवले. लोकांचा राग थेट पोचतो, हा या पद्धतीचा गुण खरा. पण मते मागणारा नियामक आजचे बिल कमी करून उद्याचे कर्ज वाढवू शकतो, आणि आपल्याकडे तर तेच आधीपासून चालू आहे. दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा: दरनिश्चिती किचकट असते, जनसुनावणीत शेतकरी काय सांगणार? याचे उत्तर महाराष्ट्राने दिले आहे. राज्य वीज मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवत असे आणि उरलेला फरक शेतीपंपांच्या नावावर जाई. नियामक आयोगापुढे उघड छाननी सुरू झाली, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकडे तपासले, तेव्हा खरी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे मंडळाला मान्य करावे लागले. ज्याच्या नावावर खोटा हिशेब लावला जातो, त्याला तो तपासण्याचा पहिला हक्क आहे.

म्हणून आयोगाचे राजकारण संपवण्याचा आव सोडून ते उजेडात आणावे. दरवर्षी ठरलेल्या तारखेला दरनिर्णय व्हावा. प्रस्ताव न आल्यास आयोगाने स्वतः सुरुवात करावी. दोन नावांतून एकाची निवड का केली, याची कारणे सरकारने प्रसिद्ध करावीत आणि निवृत्तीनंतरचे राजकीय पदही काही वर्षे बंद असावे. वीज कायद्याच्या कलम 65 नुसार सरकारने अनुदान आगाऊ भरायचे असते. ते किती भरले आणि किती थकले, हे प्रत्येक बिलावर छापावे. आदिलाबादला वीज देणाऱ्या कंपनीचे मुख्यालय हनमकोंड्यात, अडीचशे किलोमीटरांहून दूर. तिच्या दरांची एक सुनावणी दरवर्षी आदिलाबादला व्हावी आणि तिथे तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीतही आक्षेप नोंदवता यावेत. पैनगंगेवरील चनाका-कोरटा बंधाऱ्याचे पाणी शिवारात चढवायलाही वीज लागणार आहे. त्या विजेचा खर्च आज सरकार भरते की उद्याच्या बिलात टाकते, हे जैनदच्या शेतकऱ्याला कळले पाहिजे. नियामकाने कोणाचीही बाजू घेऊ नये, पण हा हिशेब लोकांसमोर, त्यांच्या भाषेत मांडावा. त्याच्या स्वातंत्र्याची कसोटी एवढीच आहे.